इमारत पाडण्याआधी मालाची डिजिटल नोंद कशी करावी

पुनर्विकासाला निघालेल्या जुन्या चाळीत किंवा वाड्यात सागाच्या तुळया, गर्डर, कौलं, शहाबादी फरशी असा पुन्हा वापरता येणारा बराच माल असतो. एकदा जेसीबी आत शिरला की तो राडारोडाच. म्हणून यादी करायची ती घरं रिकामी झाल्यावर आणि पाडकामाचा ठेका देण्याआधी. ठेका आधी दिला तर माल ठेकेदाराचा धरला जातो आणि मोजायला कोणी राहत नाही.

महागडं सॉफ्टवेअर नको, एक्सेल किंवा गूगल शीट पुरते. रकाने: कोड, जागा, वस्तू, मापं, नग, वजन, अवस्था, जोडणी, फोटो. कोडमध्ये इमारत, मजला, खोली आणि वस्तू यावी: अ-२-०४-तु-०३, म्हणजे अ इमारत, दुसरा मजला, चौथी खोली, तिसरी तुळई. त्या रकान्याचं स्वरूप आधीच ‘टेक्स्ट’ करा. नुसतं २-०४ टाकलं तर एक्सेल त्याची तारीख करून टाकतं.

सगळ्यात जास्त गोंधळ मापांत होतो. साडेनऊ फूट म्हणजे ९ फूट ६ इंच. शीटमध्ये कोणीतरी ९.६ लिहितो, खरं तर ते ९.५ हवं. फूट आणि इंच वेगळ्या रकान्यांत घ्या, पुढचं सूत्रावर सोडा.

आता एक तुळई घेऊ. ६ इंच × ९ इंच, लांबी १२ फूट: ०.५ × ०.७५ × १२ = ४.५ घनफूट. सागाची घनता घनमीटरला सुमारे ६५० किलो धरली, तर वजन ८३ किलोच्या आसपास. पण भिंतीत शिरलेली टोकं ओलीनं कुजतात. तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर तेवढी लांबी वजा करा. दोन्हीकडून ९-९ इंच गेले, तर हाती ३.९४ घनफूट. दोन्ही आकडे लिहा, नाहीतर खरेदीदाराशी वाद ठरलेला.

गोल सळईचं वजन, व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन, व्यास × व्यास ÷ १६२ = किलो प्रति मीटर; १२ मिमीला ०.८९. गर्डरला हे सूत्र चालत नाही. छेदाचं क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये काढून ०.००७८५ नं गुणा, म्हणजे किलो प्रति मीटर मिळेल.

‘जोडणी’चा रकाना लोक गाळतात, आणि पुनर्वापर होणार की नाही ते तिथेच ठरतं. चुन्यात बांधलेली वीट साफ निघते, सिमेंटमधली बहुधा फुटते. बोल्टचा गर्डर अख्खा उतरतो.

काँक्रीट आणि विटा वेगळ्या ओळीत घ्या. आयएस ३८३ : २०१६ (खडी-वाळूचं भारतीय मानक) प्रमाणे शुद्ध काँक्रीटची पुनर्प्रक्रिया केलेली खडी एम२५ (काँक्रीटच्या ताकदीची श्रेणी) पर्यंतच्या आरसीसीत, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटमध्ये, २० टक्क्यांपर्यंत चालते; विटा मिसळलेली खडी आरसीसीत अजिबात नाही. ॲस्बेस्टॉसचे पत्रे ‘धोकादायक’ म्हणून नोंदवा, फोडू नका.

प्रत्येक वस्तूचे दोन फोटो: एक जागेवरचा, एक टेप लावून जवळून. फाइलचं नाव म्हणजे तोच कोड. कागदी क्यूआर स्टिकर धुळीत आणि पहिल्या पावसात गळतात. कोड ठोकलेली ॲल्युमिनियमची पट्टी खिळ्यानं लावा. क्यूआर हवाच असेल तर त्यात ड्राइव्हची लिंक नको, कोड आणि मापंच भरा. खातं बंद झालं की लिंक मेली.

शेवटी शीटची सीएसव्ही (कुठेही उघडणारी साधी मजकूर-फाइल) काढताना ‘यूटीएफ-८’ ही अक्षरं साठवण्याची पद्धत निवडा, नाहीतर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. एक प्रत सोसायटीकडे, एक ठेक्याला जोडून.