लेकरू घेऊन वॉटर पार्कला जायचं तर

"एवढुशा लेकराले कायले नेता वो त्या पान्यात? घरचं टाकं काय वाईट हाये?" सासूबाईंचा हा सवाल तसा बरोबरच होता. धाकटं चौदा महिन्यांचं, थोरली सहा वर्षांची, आणि हट्ट सगळा थोरलीचा. तरी गेलो, नागपूरच्या बाजूच्या एका पार्कात, आणि पुरते फजीत होऊन परतलो. दुसऱ्या खेपेला मात्र सासूबाईंनाच सोबत नेलं. ही तयारी त्या दोन खेपांमधून जमलेली आहे.

पहिली खेप आम्ही मे महिन्यात केली, शाळेला सुट्ट्या म्हणून. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो हे विसरलो जणू. पाणी गार, पण पाण्यापर्यंत जायची फरशी तव्यासारखी. धाकट्याला चप्पल नव्हती, त्याला कायला हवी म्हणून. तेव्हा पहिलं काम म्हणजे महिना ठरवणं. दिवाळीनंतर हवा बरी असते, पण कापूस वेचणीच्या दिवसांत घरातून कोण सोडतं? डिसेंबर-जानेवारीत पाण्यात उतरलेलं लेकरू काकडून निळं पडतं. तूर निघून हरभरा कापायला यायच्या मधले दिवस, म्हणजे फेब्रुवारी, मला सगळ्यात सोयीचे वाटले. त्यातही रविवार टाळा. निघायच्या आधी पार्कात फोन करून दोन गोष्टी विचारा: त्या दिवशी चालू आहे का, आणि तिकीट वयावर आहे की उंचीवर. पुष्कळ ठिकाणी ते उंचीवर असतं.

उंचीचं माप घरीच घ्या. आम्ही दाराच्या चौकटीवर कोळशाने रेघ मारली आणि थोरलीला आदल्या रात्रीच सांगितलं की मोठ्या घसरगुंडीवर तुला सोडणार नाहीत. रडली, पण घरी रडली. पहिल्या खेपेला हेच रडणं रांगेत अर्धा तास उभं राहिल्यावर झालं होतं.

लसीचं कार्ड काढून बघा. गोवर-रुबेलाचा पहिला डोस 9 ते 12 महिन्यांत असतो. तो झाला नसेल तर एवढ्या गर्दीत बाळाला नेऊच नये, असं माझं मत. लस टोचून दोन दिवस झाले नाहीत आणि निघालो, असंही करू नका. कधी ताप चढतो.

एसटीत 5 वर्षांच्या आतल्या लेकराला तिकीट नाही, 5 ते 12 ला अर्धं, आणि 2023 च्या मार्चपासून बायकांनाही अर्धं. त्यामुळे सासूबाईंना नेणं फार महागात पडलं नाही. शहरातल्या बायका ढकलगाडी आणतात, ती एसटीच्या दारातच अडकेल. त्याऐवजी एक जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती पातळ घ्या. माझ्या पिशवीत सगळ्यात जास्त उपयोगाला आलेली वस्तू तीच. बसमध्ये ते खिडकीला बांधलं तर ऊन अडलं. स्टँडवरच्या हिरकणी कक्षाला, म्हणजे लेकराला दूध पाजायच्या खोलीला, कुलूप होतं, किल्लीवाला माणूस चहाला गेलेला, तेव्हा स्टँडच्या कोपऱ्यात त्याचाच आडोसा करून दूध पाजलं. पार्कात लिंबाखाली चौघडी करून अंथरलं, वर पदरासारखं एक टोक ओढलं, आणि बारा ते दोन धाकटा त्यावर झोपला. ही झोप सांभाळली तर दिवस सांभाळला. त्या दोन तासांत लेकराजवळ कोण बसणार हे घरूनच ठरवून जा, नाहीतर नवरा-बायकोचं तिथेच वाजतं. सासूबाई कामी आल्या त्या इथे. पाण्याकडे पाठ करून बसल्या आणि सुपारी कातरत राहिल्या.

खाण्याचं गेटवर अडतं. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, पण बाळाचं बहुतेक ठिकाणी सोडतात. आम्ही एकाच डब्यात सगळं भरलं होतं, म्हणून पहारेकऱ्याने शेवचिवड्यासोबत नाचणीचं सत्त्वही बाजूला काढलं. आता बाळाची पिशवी वेगळी करते: सत्त्वाची कोरडी पूड, थर्मासमध्ये गरम पाणी, मऊ खिचडी, केळी. दूध बाटलीत भरून नेऊ नका. मे महिन्यात आमचं दूध स्टँडवरच फाटलं होतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईचं दूधच, उन्हाळ्यातही वरचं पाणी नाही. फक्त वरचेवर पाजावं लागतं. ओआरएसचं मोठं पाकीट सोबत असू द्या. ते पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवायचं, अंदाजे अर्धं पाकीट ग्लासात टाकायचं नाही, आणि 24 तासांनी उरलेलं फेकायचं. तापाचं औषध डॉक्टरांनी वजनावर लिहून दिलेल्या मापानेच. आणि कांदा? खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही म्हणतात. सासूबाईंनी ठेवला, मी काढला नाही. पण डोक्याला दुपट्टा आणि सावली, हे कांद्याच्या भरवशावर सोडू नका.

कपड्यांचं थोडक्यात सांगते. पाण्यात सुती चालत नाही, नायलॉनचे लागतात. तिथे भाड्याने घेण्यापेक्षा तालुक्याच्या बाजारातून आणा. कोरडे कपडे तीन जोड, त्यातला एक पिशवीत सगळ्यात वर. साधा डायपर घालून पाण्यात बसवू नका. धाकट्याचा असा फुगला, जसा भिजलेला कापूस, आणि त्याला उठताच येईना. पाण्यातला वेगळा डायपर मेडिकलमध्ये सांगून ठेवला तर मागवून देतात.

उथळ पाण्यालाही भ्यावं. घोटाभर पाण्यात लेकरू तोंडावर पडलं तर आवाजसुद्धा येत नाही. हात पोचेल एवढ्यावर एक मोठं माणूस, मोबाइल पिशवीत. ओठ थरथरले की लगेच बाहेर. मांडीवर घेऊन घसरगुंडीवर जायचं नाही, कितीही लहान दिसो ती.

थोरलीच्या हातावर, मनगटाच्या आतल्या बाजूने, पेनाने माझा नंबर लिहिला होता आणि सकाळीच त्या दिवसाच्या कपड्यांत दोघांचा फोटो काढून ठेवला होता. पिवळा सदरा गर्दीत लांबून दिसतो. दुपारी अस्वलाचा वेष घातलेला माणूस हात मिळवायला आला तेव्हा धाकट्याने असा टाहो फोडला की अस्वलच दोन पावलं मागे सरकलं. सासूबाई म्हणाल्या, "बहुरूपी होय रे, भिऊ नको," आणि त्याच्या हातावर दहाची नोट ठेवली. अस्वलाने ती परत कशी द्यावी हे त्याला कळेना.

परतीचं गणित मुक्कामी गाडीवर मांडा. आमची तालुक्याहून संध्याकाळी सुटते आणि ती चुकली तर फाट्यावर उतरून चालत जावं लागतं. म्हणून पार्कातून चारलाच निघायचं, थोरली कितीही म्हणो, अजून एकदा. तरी पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात टॉर्च ठेवा. फाट्यापासून आमच्या घरापर्यंत दिवा नाही आणि दोन्ही लेकरं तोवर खांद्यावर झोपलेली असतात.