ही मंडळी आहे की कल्ट? घरच्यांनी कसं ओळखायचं

‘पंथ’ हा आपल्याकडे मानाचा शब्द. वारकरी पंथ, महानुभाव पंथ, नाथपंथ. त्यामुळे ज्या गटांबद्दल इथे लिहितो आहे त्यांना मी पंथ म्हणत नाही, कल्ट म्हणतो: श्रद्धेच्या नावाखाली माणसाला मुठीत धरणारा गट. अहिल्यानगरला आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गेली २२ वर्षं मी दृढीकरणाचा (आपला विश्वास समजून जाहीर कबूल करण्याच्या तयारीचा) वर्ग घेतो. वर्षातून तीन-चारदा तरी कुणाची आई, कुणाचा भाऊ दाराशी येतो आणि विचारतो, “पोरगी पुण्याला एका बायबल स्टडीला जाते, ती माणसं बरी आहेत ना?” त्यांना आधी मिळालेले सल्ले ऐकले की संताप येतो. कुणी सांगितलेलं असतं, हातात बायबल आहे ना, मग काळजी नको. कुणी सांगितलेलं असतं, टाळ्या वाजवतात, मोठ्याने रडतात, म्हणजे कल्टच. दोन्ही सल्ल्यांनी घरं बुडालेली मी पाहिली आहेत.

पहिल्यांदा दारावरची पाटी विसरा. १८ नोव्हेंबर १९७८ रोजी गयानातल्या जोन्सटाउनमध्ये जिम जोन्सच्या शब्दावर ९०० हून जास्त माणसं मेली, त्यात शेकडो मुलं होती. त्याचं ‘पीपल्स टेंपल’ हे ‘डिसायपल्स ऑफ क्राइस्ट’ या अमेरिकेतल्या जुन्या, प्रतिष्ठित संप्रदायाशी जोडलेलं होतं आणि त्या संप्रदायाची पाळकपदाची, म्हणजे धर्मोपदेशकाची, रीतसर दीक्षा जोन्सला मिळाली होती. पाटी खरी होती, नोंदणी खरी होती.

थाट आणि आवाजही बाजूला ठेवा. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली धार्मिक जागृती झाली तेव्हा मुली तासन्‌तास एकाच वेळी मोठमोठ्याने प्रार्थना करत, हमसून रडत. बघणाऱ्या कितीजणांना ते वेड वाटलं. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा दिली. यातलं काहीही कल्ट नव्हतं. अभंगाच्या चालीवर उपासना होते, पाळक झगा घालत नाही, सभा पत्र्याच्या शेडमध्ये भरते, एवढ्यावरून कुणाला दूषण देऊ नका.

मग मतांगीकार हातात घ्या, म्हणजे ख्रिस्ती विश्वासाचं थोडक्यात कबुलीपत्र (क्रीड). ३२५ साली निकीयात आणि ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलला ठरलेला. देव एक आणि तो पिता, पुत्र, पवित्र आत्मा; पुत्र निर्माण केलेला नाही; तो आपल्यासाठी मनुष्य झाला, वधस्तंभावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला. वसईचे कॅथलिक, केरळचे सिरियन ऑर्थोडॉक्स, १९७० साली नागपूरला एकत्र येऊन झालेली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, ही मंडळी आपसांत पन्नास गोष्टींवर भांडतील, पण या गाभ्यावर एक आहेत.

इथपर्यंत कुणीही येतं. फसगत होते ती यापुढच्या पायरीवर, आणि माझी झाली आहे.

माझी पुतणी हिंजवडीला नोकरीला होती. हॉस्टेलजवळच्या एका फ्लॅटमध्ये दर बुधवारी अभ्यास चालायचा. भावाने मला पाठवलं. मी मतांगीकारातलं एकेक वाक्य घेऊन त्यांच्या शिकवणाऱ्याला विचारत गेलो. येशू देवाचा पुत्र आहे असं मानता? हो. तो आपल्या पापांसाठी मेला? हो. पुन्हा येणार? हो, हो. गृहस्थ शांत, नम्र, चहा करून देणारे. मी घरी येऊन भावाला सांगितलं, बिनघोर राहा. दहा महिन्यांनी नाताळला पोरगी घरी आली नाही, आणि नोकरी सोडल्याचं तिच्या मैत्रिणीकडून कळलं.

पुढे तिची वही माझ्या हातात आली. दोनशे पानी, मधोमध पट्टीने आखलेली. डावीकडे निळ्या शाईत वचन, उजवीकडे लाल शाईत ‘खरा अर्थ’. डावीकडे लिहिलं होतं, मनुष्याचा पुत्र ढगांवर येईल. उजवीकडे, ढग म्हणजे मनुष्याचा देह. म्हणजे येशू आकाशातून येणार नव्हता. तो एका माणसाच्या देहात येऊन, शिकवून, मरूनही गेला होता. ‘पुन्हा येणार’ याला त्या गृहस्थांनी दिलेला होकार त्यांच्या कोशाप्रमाणे खराच होता. शब्द माझे होते, अर्थ त्यांचे. मी फक्त शब्द तपासून आलो होतो.

हा पेच आजचा नाही. निकीयाच्या परिषदेत ज्याच्यावरून वाद झाला त्या आरियस या धर्मगुरूचं मत होतं की पुत्र हा देवाने निर्माण केलेला आहे. बिशपांनी शास्त्रातलेच शब्द वापरून त्याला अडवायचं ठरवलं. पण आरियसचा विरोधक आथानासियस याने लिहून ठेवलं आहे की प्रत्येक शब्दाला आरियसची माणसं आपसांत खुणा करत होकार देत गेली. ‘देवापासून’ म्हणा, तर सगळंच देवापासून आहे. ‘देवाचं सामर्थ्य’ म्हणा, तर शास्त्रात टोळधाडीलाही तसंच म्हटलं आहे. शेवटी शास्त्रात नसलेला शब्द आणावा लागला: पुत्र पित्याशी ‘एकसत्त्व’ आहे. तो शब्द त्यांना आपल्या अर्थाने वळवता येईना, तिथे ते अडले.

तेव्हा माझं सांगणं कडक आहे: ज्याला ‘हो’ म्हणून सुटता येतं असा प्रश्न विचारूच नका. येशूला मानता का, हा प्रश्न वाया गेलेला प्रश्न आहे. त्याऐवजी मी तीन प्रश्न विचारतो. पहिला: पुत्र नव्हता अशी वेळ कधी होती का? दुसरा: तुमच्या गुरूंचं नाव न ऐकता, तुमची पुस्तकं न वाचता, नुसतं बायबल वाचणाऱ्या माणसाला तारणाची वाट सापडेल का? तिसरा मी सगळ्यात शेवटी ठेवतो: माझ्या आजीने सत्तर वर्षं गावातल्या चर्चमध्ये प्रार्थना केली आणि येशूचं नाव घेत डोळे मिटले, तिचं तारण झालं का? या प्रश्नावर माणूस खाली बघतो, पाणी पितो, विषय बदलतो. “तो निवाडा देवाचा” असं उत्तर आलं तर मी अजून ऐकतो. “त्यांच्या काळी सत्य प्रकट झालं नव्हतं” असं आलं तर मी चप्पल घालतो.

अजून एक उत्तर ऐकू येईल: “तुम्ही आत्ता दुधावर आहात, जड अन्न नंतर.” पौलाचं वचन आहे, आणि या कामासाठी ते वापरलेलं ऐकलं की मला सहन होत नाही. आमच्याकडे जे काही मानतो ते रविवारच्या उपासनेत, पाहुण्यांच्या देखत, उभं राहून मोठ्याने म्हटलं जातं. खोल समजायला वर्षं लागतात, पण पाचव्या महिन्यात उघडायची खोली घरात ठेवलेली नसते. “घरी इतक्यात सांगू नका, बी रुजू द्या” हे वाक्य कानावर आलं तर बाकीच्या पायऱ्यांची वाट बघू नका.

इथे एक भेद सांभाळा, कारण चांगले पाळकही यात चुकतात. शिकवण चुकीची असणं आणि गट घातक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यहोवाचे साक्षीदार हा गट त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एक देव ही शिकवण, नाकारतो. योहानाच्या शुभवर्तमानातल्या पहिल्याच वचनात ‘शब्द देव होता’ याऐवजी त्यांच्या भाषांतरात ‘एक देव’ अशा अर्थाची रचना आहे. माझ्या लेखी ते ऐतिहासिक ख्रिस्ती विश्वासाच्या बाहेर आहेत. पण केरळमध्ये त्यांची तीन मुलं राष्ट्रगीताला आदराने उभी राहिली, गायली नाहीत म्हणून शाळेतून काढली गेली, तेव्हा १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला, आणि तो योग्यच होता. उलट मतांगीकार अक्षरन्‌अक्षर बरोबर म्हणणारा पाळकही माणसांची आयुष्यं मुठीत धरू शकतो. म्हणून कागदावर दोन रकाने करा. एकात शिकवण, दुसऱ्यात वागणूक. एका रकान्याचे गुण दुसऱ्यात ओढू नका.

वागणुकीच्या रकान्यात सगळ्यात वजनदार गोष्ट एकच: प्रश्न विचारणाऱ्याचं आणि सोडून जाणाऱ्याचं काय होतं? पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर त्रैक्यावरच हरकती काढल्या. वाँटेजच्या जोगीण सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांची पत्रं वाचा. दोन्ही बाजू चिडलेल्या आहेत, जेराल्डीन अधिकाराची भाषा करतात, रमाबाई आपली सदसद्विवेकबुद्धी गहाण टाकायला साफ नकार देतात. पण त्यांना कुणी कोंडलं नाही, आणि पत्रव्यवहार पुढे अनेक वर्षं चालू राहिला. तुमच्या मुलीच्या गटात अशी भांडणारी बाई आहे का? असली तर तिच्याशी लोक जेवायला बसतात का? गेल्या दोन वर्षांत गट सोडलेल्या एकाचं तरी नाव सांगा, म्हणावं, आणि त्याला फोन लावा. त्याच्याबद्दल बोलताना ‘सैतानाने ओढला’ याशिवाय दुसरं काही बोललं जातं का ते ऐका.

पैशाचं थोडक्यात: दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, मागणं गैर नाही, हिशेब न दाखवणं गैर आहे. वार्षिक सभा आणि तपासलेले हिशेब मागा.

औषध बंद करायला सांगितलं असेल तर ही सगळी तपासणी सोडा. आधी डॉक्टर, गरज पडली तर पोलीस.

कल्टच आहे असं ठरलं, तर घरच्यांनी काय करायचं? आरडाओरडा नको, फोन काढून घेणं नको. “जगातले सगळे तुझा छळ करतील, घरचे सुद्धा” हे त्यांनी तिला आधीच शिकवलेलं असतं. तुम्ही ओरडलात की त्यांचं भाकीत खरं ठरतं. माझ्या भावाने पहिले दोन महिने तेच केलं. मग वहिनींनी सूत्रं हातात घेतली. दर रविवारी सकाळी फोन, पाच मिनिटं. आज काय भाजी केली, शेजारच्या आजींचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पेरूला फुलं आली. गटाबद्दल एक शब्द नाही. सव्वा वर्ष त्यांनी एकही रविवार चुकवला नाही.

मे महिन्यात ती एका बॅगेनिशी आली. ती वही तेव्हाच माझ्याकडे आली, आणि तिने ती जाळायला दिली होती. मी जाळली नाही. तुम्हीही जाळू नका. पुढचं वर्षभर आम्ही दोघं दर शनिवारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून डावीकडचं एकेक वचन त्याच्या अख्ख्या अध्यायासकट वाचत होतो. लाल शाईवर मी काट मारायची नाही, असं आमचं ठरलं होतं. काट तीच मारायची, तिला पटली तेव्हा. काही पानं अजून तशीच आहेत.