भिंतीवरचा रविवर्मा: हाताने रंगवलेला की छापील?

'क्रॅक-अप' या १९४६ च्या अमेरिकी रहस्यपटात नकली चित्राचं बिंग क्ष-किरणांनी फुटतं. बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या जुन्या घरांतल्या लक्ष्मी-सरस्वतीसाठी बहुतेक वेळा दहापट भिंग, साधा टॉर्च आणि ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही (अतिनील किरणांचा) टॉर्च पुरतो.

चित्र दोघांनी चौकटीला खालून धरून उतरवा. वरची दोरी कुजलेली असू शकते. पालथं ठेवू नका, रंगाचे पापुद्रे निघतात. भिंतीला टेकवा.

आता भिंग. गाल आणि साडीचा काठ बघा. रविवर्मा प्रेसच्या (१८९४, मुंबई, पुढे मळवली) शिळाछापात (दगडावरून केलेल्या छपाईत) कातडीचा रंग बारीक, ओबडधोबड ठिपक्यांनी साधलेला असतो आणि काठाशी एखादा रंग किंचित सरकलेला सापडतो. ठिपके एकसारखे, जाळीदार असतील तर छपाई अलीकडची. जरी-टिकल्या लावलेल्या प्रतीही जुन्याच छापाच्या असतात, त्यावरून चित्र रंगवलेलं ठरत नाही.

हात फिरवून कॅनव्हासचा पोत लागला म्हणून फसू नका. ओलिओग्राफवर, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या छापील प्रतीवर, तो दाबून उठवत, वर वार्निश चढवत. खोली अंधारी करा आणि टॉर्च चित्राच्या बाजूने, १०-१५ अंशांत धरा. दाबलेला पोत चेहरा, आकाश, पदर सगळीकडे सारखाच दिसतो. कुंचल्याचे उंचवटे मात्र घडीबरोबर वळतात. दागिन्याच्या चमकेवर रंगाचा टिपका चक्क उभा राहतो.

यूव्हीत राळेचं जुनं वार्निश हिरवट चमकतं, त्यावरची नंतरची डागडुजी काळपट डागांसारखी उठते. नोटा तपासायचा ३९५चा स्वस्त टॉर्च इथे कुचकामी, त्याच्या जांभळ्या उजेडात हे फरक बुडतात. यूव्हीरोधक चष्मा लावा. सही वेगळी तपासा: सहीचा रंग जुन्या भेगांमध्ये उतरला असेल तर ती नंतर ठोकलेली आहे. सहीभोवती भेगा पडल्यात आणि त्या सहीलाही चिरून गेल्यात, तर बरं लक्षण. पण तेवढ्यावर शिक्का मारू नये.

शंका उरलीच तर प्रयोगशाळा. टायटॅनियमचा पांढरा रंग बाजारात १९१६ नंतर आला, रविवर्मा १९०६ मध्ये गेले. तो मूळ थरातच सापडला तर विषय संपला. फक्त दुरुस्तीच्या ठिपक्यात असेल तर नाही. म्हणून नमुना कुठून घेतला ते लिहून घ्या.

ओला फडका, बटाट्याची फोड, स्पिरिट यांपैकी काहीही चित्राला लावू नका. वार्निश विरघळलं की पुरावाही जातो. तुलनेसाठी राजवाड्याच्या आवारातलं महाराजा फतेसिंह संग्रहालय आहे, तिथल्या मूळ चित्रांत डोळ्यातला उजेडाचा ठिपका कसा टेकवलाय तेवढं नीट बघा. अस्सल निघालं तर एक कायदा: रविवर्म्यांची चित्रं राष्ट्रीय कलानिधी आहेत, देशाबाहेर नेता येत नाहीत.