स्टेटस तुटल्यावर एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वरून एच-१बी (नोकरीचा व्हिसा): नागपूरच्या मुलांनी आणि घरच्यांनी आधी काय तपासायचं

पासपोर्टवरचा व्हिसा पाच वर्षांचा आहे, म्हणजे मुलगा पाच वर्षं अमेरिकेत कायदेशीर राहू शकतो, असं नागपुरातल्या बऱ्याच घरांत समजतात. गोंधळाची सुरुवात इथेच होते. व्हिसा दारापर्यंत नेतो. आत गेल्यावर मोजलं जातं ते स्टेटस, म्हणजे तिथे राहण्याचा कायदेशीर दर्जा, आणि ते आय-९४ (देशात प्रवेश केल्याची नोंद), आय-२० (विद्यापीठाने दिलेला प्रवेशाचा कागद) आणि सेविस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी यादीतली नोंद यांवर टिकतं. व्हिसाची तारीख उलटून गेली तरी स्टेटस शाबूत असू शकतं. उलट व्हिसा चालू असताना नियम मोडल्याबद्दल सेविस नोंद बंद झाली, तर हातात काही उरत नाही. अभ्यासक्रम किंवा ओपीटी (शिक्षणाशी जोडलेली कामाची तात्पुरती परवानगी) नीट संपल्यावर मिळणारे ६० दिवससुद्धा तेव्हा मिळत नाहीत.

स्टेटस तुटतं ते बहुतेक साध्या चुकांनी. ओपीटीवर बेरोजगारीचे एकूण ९० दिवस ओलांडले जातात (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांसाठीची स्टेम मुदतवाढ मिळाल्यावर दोन्ही मिळून १५०). नोकरी लागते, पण तिची नोंद १० दिवसांत केली जात नाही, त्यामुळे कागदावर मुलगा बेरोजगारच दिसतो. डीएसओला (विद्यापीठातला परदेशी विद्यार्थ्यांचा अधिकारी) न विचारता विषय सोडला आणि क्रेडिट कमी पडले. स्टेम ओपीटीचा अर्ज आधीच्या ओपीटीची मुदत संपल्यावर गेला. यातली प्रत्येक गोष्ट मेलच्या एका ओळीने टळली असती, म्हणून ती जास्त लागते.

पहिलं काम तारीख शोधायचं. स्टेटस नेमकं कोणत्या दिवशी आणि कोणत्या कारणाने गेलं, हे डीएसओकडून लेखी घ्या. 'साधारण मार्चमध्ये' असं उत्तर चालत नाही. पुढचे सगळे रस्ते याच तारखेपासून मोजले जातात.

आता एच-१बीकडे. कंपनीच्या एकाच पिटिशनमध्ये, म्हणजे इमिग्रेशन खात्याकडे केलेल्या अर्जात, दोन मागण्या असतात, आणि हे बहुतेकांना उशिरा कळतं. पहिली: ही नोकरी आणि हा माणूस एच-१बीला पात्र आहेत का? दुसरी: त्याला देशाबाहेर न जाता एफ-१ वरून एच-१बीवर बदलून द्यायचं का? स्टेटस तुटलेलं असलं तरी पहिल्या मागणीला होकार येऊ शकतो. दुसरीला मात्र बहुधा नकार मिळतो, कारण स्टेटस बदलायला अर्जाच्या दिवशी ते टिकून असावं लागतं. काय झालं ते मंजुरीच्या कागदावरच दिसतं. आय-७९७ए असेल तर खालच्या भागात नवीन आय-९४ छापलेलं असतं, म्हणजे बदल झाला. आय-७९७बी असेल तर ती जागा नसते, म्हणजे बाहेर जाऊन व्हिसा घेऊनच परत यायचं. पिटिशन मंजूर झाल्याचा मेल आला की मुलं १ ऑक्टोबरला, एच-१बी सुरू होण्याच्या दिवशी, कामावर हजर होतात. हातात ७९७बी असेल तर ते काम बेकायदा ठरतं.

तारखांचं गणित एकदा कागदावर मांडा. एच-१बीच्या निवडीसाठी कंपनीची नोंदणी मार्चमध्ये होते आणि निवड झालेल्यांची पिटिशन १ एप्रिलच्या आधी भरता येत नाही. ओपीटी १५ फेब्रुवारीला संपली तर ६० दिवस १६ एप्रिलपर्यंत जातात, म्हणजे कंपनीला अर्ज भरायला सोळा दिवस मिळतात. हीच ओपीटी १५ जानेवारीला संपली तर सवलत १६ मार्चला संपते आणि निवड होऊनही अर्जाच्या दिवशी स्टेटस नसतं. अशा मुलाने १६ मार्चच्या आधी दुसऱ्या अभ्यासक्रमात प्रवेश घेऊन सेविस तिकडे हलवून घ्यावं. अर्ज वेळेत गेला तर 'कॅप-गॅप' लागू होतो, म्हणजे एच-१बी सुरू होईपर्यंत विद्यार्थी स्टेटस वाढतं. जानेवारी २०२५ पासून तो जास्तीत जास्त पुढच्या वर्षीच्या १ एप्रिलपर्यंत चालतो, किंवा त्याआधी एच-१बी सुरू झाला तर तिथपर्यंत. ओपीटी चालू असताना अर्ज गेला तर कामाची परवानगीही टिकते. साठ दिवसांच्या सवलतीत गेला तर फक्त राहता येतं, काम करता येत नाही.

पूर्वी स्टेटस तुटलेल्या मुलाला आम्ही सरळ सांगायचो: पिटिशन मंजूर करून घे, मुंबईत व्हिसा घे, परत जा. विमानाचं तिकीट आणि थोडे दिवस, एवढाच खर्च. २१ सप्टेंबर २०२५ पासून हा सल्ला डोळे झाकून देता येत नाही. त्या दिवसापासून लागू झालेल्या अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेनुसार देशाबाहेरच्या व्यक्तीसाठी नवीन एच-१बी पिटिशन भरताना कंपनीला १,००,००० डॉलर जादा भरावे लागतात. घोषणेची मूळ मुदत १२ महिन्यांची. ऑक्टोबर २०२५ मधल्या खुलाशाप्रमाणे अमेरिकेत राहून स्टेटस बदलणाऱ्याला ही रक्कम लागत नाही. पण स्टेटस नसल्यामुळे बदल नाकारला गेला, किंवा निर्णय येण्याआधी मुलगा देशाबाहेर गेला, तर ती लागू होते. म्हणून पिटिशन प्रलंबित असताना बहिणीच्या लग्नालासुद्धा नागपूरला येऊ नका. हे लिहिताना वाईट वाटतं, पण त्या एका प्रवासाने स्टेटस बदलण्याची मागणी सोडून दिल्यासारखी होते. आणि कंपनीने अर्ज भरण्याच्या आठवड्यात वकिलाकडून या रकमेची ताजी स्थिती विचारून घ्यावी.

यामुळे रीइन्स्टेटमेंट, म्हणजे विद्यार्थी स्टेटस पुन्हा जिवंत करून घेणं, आता जास्त मोलाचं झालं आहे. अर्ज आय-५३९ या फॉर्मवर होतो, शुल्क ऑनलाइन ४२० डॉलर, कागदावर ४७०. डीएसओची शिफारस असलेला नवीन आय-२० लागतो. स्टेटस जाऊन पाच महिन्यांच्या आत अर्ज जायला हवा. उशीर झाला तर अपवादात्मक परिस्थिती सिद्ध करावी लागते. चूक आपल्या आवाक्याबाहेरच्या कारणाने झाली हे कागदाने दाखवावं लागतं: हॉस्पिटलची कागदपत्रं, विद्यापीठाने मान्य केलेली चूक, मेलची साखळी. पूर्ण वेळ शिकण्याची तयारी हवी. आणि परवानगीशिवाय काम केलेलं असेल तर हा रस्ता बंद. भाडं भरायला दुकानात रोखीवर केलेले चार शनिवारही यात मोजले जातात. अर्ज प्रलंबित असतानाही काम करायचं नाही, कॅम्पसवरचंसुद्धा नाही.

घरच्यांना रात्री झोप लागत नाही ती 'दहा वर्षांची बंदी' या शब्दांनी. स्टेटस तुटणं आणि बेकायदा वास्तव्य मोजलं जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १८० दिवसांपेक्षा जास्त बेकायदा वास्तव्यानंतर देश सोडला तर तीन वर्षांची बंदी, एक वर्ष किंवा जास्त झालं तर दहा वर्षांची. पण आय-९४ वर तारखेच्या जागी 'डी/एस' (स्टेटस टिकेपर्यंत राहता येईल) असेल, तर इमिग्रेशन खात्याने किंवा न्यायाधीशाने औपचारिक निर्णय देईपर्यंत हे दिवस मोजले जात नाहीत. म्हणून आय-९४ आजच डाउनलोड करून त्यावर काय लिहिलंय ते पाहा. तारीख असेल तर वकील गाठायला उद्याची वाट पाहू नका.

व्हिसासाठी भारतात यायचंच ठरलं तर नागपूरकराला मुंबईचं अमेरिकी वाणिज्य दूतावास, बीकेसी. एच-१बी व्हिसाच्या अर्जाचं शुल्क २०५ डॉलर. बोटांचे ठसे आणि मुलाखत यांच्या तारखा वेगवेगळ्या असतात. त्या लागोपाठच्या दिवशी घेतल्या तर दुरांतोने किंवा विदर्भ एक्सप्रेसने एकाच फेरीत काम होतं. परतीचं अमेरिकेचं तिकीट मात्र पासपोर्ट हातात आल्याशिवाय काढू नका. डिसेंबर २०२५ पासून एच-१बीसाठीही सोशल मीडियाची तपासणी होते, खाती सार्वजनिक ठेवावी लागतात, आणि त्यामुळे तारखा पुढे ढकलल्या गेल्या आहेत.

डीएस-१६० या व्हिसाच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये व्हिसाच्या अटी कधी मोडल्या का, असा थेट प्रश्न आहे. उत्तर 'हो' असेल तर 'हो' लिहा आणि खाली दोन-तीन ओळींत कारण द्या. स्टेटस तुटल्याचा प्रश्न बहुधा सुटतो. खोटं बोलल्याचा शिक्का मात्र कायमच्या बंदीपर्यंत जातो. धरमपेठेतला किंवा सीताबर्डीतला कुणी एजंट 'नाही लिहा, कळत नाही' म्हणाला, तर तिथून उठा. सेविसची नोंद मुलाखत घेणाऱ्यासमोर असते.

नागपुरातून करायची कामं आईवडिलांनी आधीच हाती घ्यावीत. पदवी राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाची असेल तर ट्रान्सक्रिप्टला वेळ लागतो. मुलाकडून अधिकारपत्र मागवून अर्ज करा आणि दोन प्रती जास्त घ्या. नावाचं स्पेलिंग पासपोर्ट, पदवी आणि गुणपत्रिकेवर एकच आहे का, ते अक्षर न् अक्षर बघा. मुलाने आजवरचे सगळे आय-२०, ईएडी कार्डाच्या (कामाच्या परवान्याचं कार्ड) दोन्ही बाजू, पगारपत्रकं, डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचा आणि कराचा कागद) आणि सीपीटीच्या (शिकत असतानाच्या कामाची परवानगी) मंजुऱ्या एका फोल्डरमध्ये ठेवून त्याची प्रत घरी पाठवावी. स्टेटस टिकवल्याचा पुरावा मागणारी नोटीस आली की हेच द्यावं लागतं. शैक्षणिक कर्जाची सवलत साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभरच असते. मुलगा नोकरीशिवाय परत येणार असेल, तर पहिला हप्ता थकण्याआधी बँकेत जाऊन मॅनेजरला लेखी कळवा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.