पावसात कुंडीतली मिरची पिवळी पडते तेव्हा

ठाण्यात जुलैत ग्रिलमधल्या मिरचीची खालची पानं पिवळी पडली की आपण खत घालतो. दुखणं बहुतेक वेळा मुळाशी असतं: नुसती लाल माती पावसाने घट्ट बसते, पाणी तुंबतं, मुळं गुदमरून कुजतात. मी मातीच बदलली. दोन भाग लाल माती, एक भाग भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत (ताजं नको, मुळं जळतात), मूठभर निंबोळी पेंड (निंबोळ्यांचं तेल काढल्यावर उरलेला चोथा).

महागडी कुंडी कशाला? तेलाचा १५ लिटरचा रिकामा डबा पुरतो. तळाला बोटाएवढी पाच-सहा भोकं पाडा आणि डबा दोन विटांवर ठेवा, नाहीतर भोकं लादीला टेकून बंद होतात. दोन पेरं बोट खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी. झालेली पिवळी पानं पुन्हा हिरवी होत नाहीत. नव्या पालवीकडे बघा.