रजिस्टरातली तारीख आणि दूरचा पाऊस

हवामानबदल आणि आरोग्य या विषयात, तेही मानवतावादी वैद्यकीय कामात राहून संशोधन करायचंय, तर सुरुवात कुठून करायची, असं हल्ली बरेच विद्यार्थी विचारतात. माझी सुरुवात इचलकरंजीत झाली. २०१२ साली तिथे काविळीची मोठी साथ आली तेव्हा मी इंटर्न होते. आजार हिपॅटायटिस ई, दूषित पाण्यातून पसरणारा. हवामानाचा विचार तेव्हा मनातही नव्हता.

दहा वर्षांनी हीच कावीळ मला दक्षिण सुदानमध्ये, बेंतिऊच्या विस्थापितांच्या छावणीत भेटली. २०२१चा पूर ओसरलाच नव्हता. लाखाहून जास्त माणसं मातीच्या बांधांच्या आत राहत होती, बाहेर नजर पोचेल तिथवर पाणी. संडास अपुरे, तेही तुंबलेले. या काविळीवर खास औषध नाही, आणि गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत झाली तर दगावण्याचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जातं. कुणी पोटुशी बाई पिवळे डोळे घेऊन दारात उभी राहिली की मला आजही धडकी भरते.

मार्च २०२२मध्ये तिथे आरोग्य मंत्रालय आणि एमएसएफ (डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स) यांनी हेकोलिन ही हिपॅटायटिस ईवरची लस द्यायला सुरुवात केली. चालू साथीत ती वापरण्याची जगातली ही पहिली वेळ. चीनमध्ये लसीला २०११मध्येच परवाना मिळाला होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५मध्ये साथीत वापराचा विचार करा म्हटलं होतं. तरी एवढी वर्षं गेली, कारण अशा परिस्थितीत ती कशी चालते हे कुणी करून पाहिलं नव्हतं. तीन डोस, सहा महिन्यांत. पुरात उठून दुसरीकडे जाणारी माणसं तिसऱ्या डोसला सापडतील का? दोनच डोस मिळाले तर उपयोग किती? गरोदर स्त्रियांना ती सुरक्षित आहे का? आपल्या क्षेत्रातले संशोधनाचे प्रश्न असे खाटेजवळ जन्मतात.

माझी चूकही सांगते. मी बेंतिऊच्या पावसाचे आकडे आणि रुग्णांचे आकडे शेजारी मांडले आणि नातं शोधत बसले. हाती काही लागेना. शेवटी तिथल्याच एका आरोग्य सेवकाने सांगितलं, “डॉक्टर, हे पाणी नुसतं आमच्या आभाळातून पडलेलं नाही, दक्षिणेकडून चालत आलंय.” खरंच होतं. २०१९च्या अखेरीस इंडियन ओशन डायपोल (हिंदी महासागराचं पश्चिमेकडचं पाणी पूर्वेकडच्यापेक्षा जास्त तापणं) जोरात होता, पूर्व आफ्रिकेत बेसुमार पाऊस पडला, मे २०२०मध्ये व्हिक्टोरिया सरोवराने पातळीचा उच्चांक गाठला, आणि तेच पाणी पांढऱ्या नाईलमधून दक्षिण सुदानमधल्या सुद्दच्या दलदलीत पसरत राहिलं. पाऊस एका देशात, आजार दुसऱ्या देशात, मध्ये कित्येक महिने.

दुसरी चूक तारखेची. रजिस्टरात दवाखान्यात आल्याची तारीख होती, आजार सुरू झाल्याची नव्हती. या विषाणूची लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला २ ते १० आठवडे लागतात. त्यात रुग्ण चार दिवसांनी आला की आठवडाभराने, हेही माहीत नसेल तर कुठल्या पाण्याशी त्याचा संबंध लावणार? मग आम्ही “डोळे पिवळे कधी दिसले?” असं विचारू लागलो. तारीख आठवत नसे, पण धान्य वाटपाचा दिवस सगळ्यांच्या लक्षात असे. त्याच्या आधी की नंतर, एवढ्यावर काम भागायचं.

म्हणून माझा आग्रह आहे की आधी लाइन लिस्ट, म्हणजे एका ओळीत एक रुग्ण अशी यादी, नीट ठेवायला शिका, गणिती मॉडेल नंतर. आकडेमोडीसाठी आर आणि नकाशांसाठी क्यूजीआयएस ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. सेंटिनेल-१ उपग्रहाचं रडार ढगांतूनही पुराचं पाणी दाखवतं, त्याची चित्रंही मोफत आहेत. साथरोगशास्त्राचं पक्कं शिक्षण हवं असेल तर चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था पाहा. डॉक्टरच असायला हवं असं नाही. छावणीत पाणी-स्वच्छतेचा अभियंता नसेल तर आमचं कोणाचंच काम चालत नाही.

संमतीचं मात्र मनावर घ्या. ज्या बाईला पाणी, औषध, धान्य सगळं मदत करणाऱ्या आपल्याच लोकांकडून मिळतं, ती संशोधनाला ‘नाही’ कशी म्हणेल? आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत आपत्तीतल्या संशोधनावर स्वतंत्र प्रकरण आहे, ते निघण्याआधी वाचा.

आणि बेंतिऊला जायची वाट बघू नका. ऑगस्ट २०१९मध्ये कोल्हापूर-सांगलीत महापूर आला होता. पूरग्रस्त गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, परवानगी काढा, त्या वर्षीचं जुनं रजिस्टर मागा. लक्षणं सुरू झाल्याची तारीख आणि वाडीचं नाव किती नोंदींत सापडतं ते मोजा.