माळढोकाचं जुनं चित्र: अस्सल छाप ओळखावी कशी, जपावी कशी

वाड्याच्या माळ्यावर किंवा जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात कधीतरी माळढोकाचं, तणमोराचं रंगीत चित्र हाती लागतं. विकणारा ‘दीडशे वर्षांपूर्वीचं आहे’ म्हणतो. पैसे मोजण्याआधी स्वतः तपासा.

आधी चित्र फ्रेममधून काढायला लावा. काचेआडून काही कळत नाही. ओळखीच्या सोनाराकडून १० पट मोठं दाखवणारं भिंग आणा आणि दिवसाउजेडी पाठीच्या पिसांवर धरा. निळे, लाल, पिवळे, काळे ठिपके एकसारख्या अंतरावर दिसले, तर ती अलीकडची ऑफसेट छपाई. कागद पिवळा पडलाय म्हणून भुलू नका. चहाच्या पाण्यानेही तो पिवळा होतो.

खरखरीत कागदावर खडू ओढल्यासारखी दाणेदार रेघ दिसली, तर ती शिळाछाप. आपल्या जुन्या पोथ्या दगडावरून छापल्या जात, तशीच. आता चोचीची कड बघा. हाताने भरलेला रंग कुठेतरी रेघेबाहेर गेलेला असतो, कडेला दाट, मध्ये पातळ. चित्र तिरपं धरलं की कधी पक्ष्याच्या डोळ्यावर चमक दिसते. तिथे डिंकाचा हात फिरवलेला असतो. ती चमक दिसली की पक्षी आपल्याकडेच बघतोय असं वाटतं.

इंग्रज पक्षीतज्ज्ञ जॉन गुल्डच्या १८३०-३२ सालच्या ग्रंथाचं नाव हिमालयातल्या पक्ष्यांचं, पण त्यात आपला माळावरचा माळढोकही आहे. तो दगडावर रेखाटला त्याच्या पत्नीने, एलिझाबेथने. तळाशी बारीक अक्षरात तिचं आणि हलमँडेल या छापणाऱ्याचं नाव असतं. ती पट्टी कापलेली असेल तर भाव पाडूनच मागा. काँग्रेसच्या स्थापनेतले ॲलन ह्यूम आणि मार्शल यांच्या शिकारीच्या पक्ष्यांवरच्या, १८७९-८१ च्या तीन खंडांत मात्र रंगही दगडावरूनच छापलेत, रविवर्म्यांच्या तसबिरींसारखे. त्यातले ठिपके वेडेवाकडे असतात, ऑफसेटसारखे शिस्तीत नसतात.

आता जपणूक, आणि इथेच बहुतेक चित्रं वाया जातात. साताऱ्याच्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते, तिथे चित्र टांगू नका. माझा तणमोर फ्रेमवाल्याने काचेला टेकवून, मागे हार्डबोर्ड लावून बसवला होता. दुसऱ्याच पावसाळ्यात पंखाचा रंग काचेला चिकटून आला. आजही बघवत नाही. म्हणून काच आणि चित्र यांत जाड माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची, फट ठेवा, मागे ॲसिड-फ्री पुठ्ठाच मागा. सेलोटेप बिलकूल नको; वरच्या कडेला पातळ जपानी कागदाच्या दोन पट्ट्या गव्हाच्या खळीने लावा. तपकिरी डाग पडले तर घासू नका, ब्लीच तर नकोच.

सांगलीत कृष्णाकाठी घर असेल तर चित्रं वरच्या मजल्यावर ठेवा. २००५ आणि २०१९ चा पूर आठवा. भिजलंच तर पुसू नका, जलरंग उठतो. टिपकागदावर उताणं ठेवून सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर वाळवा. दोन दिवस गेले की बुरशी धरते.